गोंदियात बसून परदेशाशी देवाणघेवाण होते का?

प्रश्न : आम्ही फुलचूरला राहतो. मुलगी गोंदियाच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून एक क्लब काढणार म्हणतात. गावात सेवेची कामे करायची आणि परदेशातल्या विद्यार्थ्यांशी 'सांस्कृतिक देवाणघेवाण' करायची, असा बेत आहे. महाविद्यालयात रासेयो आहेच, मग हे वेगळे कशाला? तलावाकाठचा कचरा उचलणे आणि परदेशी मुलांशी गप्पा मारणे यांचा एकमेकांशी संबंध काय? गोंदियात परदेशी येणार तरी कुठून? आणि यात पैसे भरून फसण्याचा प्रकार तर नाही ना?
— एक पालक, फुलचूर

उत्तर : तुमच्या एका पत्रात चार प्रश्न आहेत आणि चारही रास्त आहेत. सेवा आणि देवाणघेवाण एकाच क्लबात का, रासेयो असताना आणखी क्लब कशाला, परदेशी माणूस भेटणार कुठे, आणि यात धोका कुठला? याच क्रमाने एकेक सोडवू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीत आहे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्समधल्या व्हर्दून परिसरातली गावे बेचिराख झाली होती. पियेर सेरेसोल नावाच्या स्विस अभियंत्याला वाटले, कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतल्या माणसांनी आता एकत्र येऊन ही घरे बांधावीत. 1920 साली एस्न नावाच्या गावात त्याने स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. त्यांत जर्मन स्वयंसेवकही होते. काही महिन्यांनी जर्मन नकोत म्हणून स्थानिक विरोध झाला आणि शिबिर आवरावे लागले. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. 1934 च्या बिहार भूकंपानंतर हाच सेरेसोल साथीदारांना घेऊन भारतात आला आणि तिथली गावे पुन्हा उभारण्याच्या कामाला लागला.

या संघटनेचा धागा आपल्या विदर्भापर्यंत येतो. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले आणि तिथल्या बांधकामावर राबले. तेव्हा कुष्ठरोगाची भीती एवढी होती की आनंदवनात पिकलेला भाजीपाला वरोऱ्याच्या बाजारात कोणी घ्यायला तयार नव्हते. दूरदेशीची ही तरुण मुले कुष्ठरुग्णांच्या सोबतीने राहतात, काम करतात, तिथलेच अन्न खातात, हे गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यांची भीती हळूहळू ओसरू लागली. आता कार्यकारणभाव लक्षात घ्या. ही मुले नुसती पाहुणी म्हणून आली असती, तर हारतुरे आणि भाषणे होऊन परत गेली असती. ती घमेली उचलायला आली, म्हणून वरोऱ्याच्या लोकांचे मन बदलले आणि त्या मुलांनाही भारत पर्यटकापेक्षा वेगळा दिसला.

तुमच्या मुलीच्या बेतातला सांधा हाच आहे. अनोळखी माणसाशी 'तुमची संस्कृती सांगा' म्हणून बोलायला बसलो, तर सण, कपडे, जेवण या तीन विषयांवर पंधरा मिनिटांत गाडी अडते. दोघांच्या हातात एकच काम असले, की बोलणे आपोआप खोल जाते. महाविद्यालयीन तरुणांचे 'रोटरॅक्ट' क्लब तुम्ही ऐकून असाल. त्यांची सुरुवात 1968 साली अमेरिकेतल्या शार्लट शहरात झाली. वर्षातून निदान दोन मोठे उपक्रम करायचे, एक आपल्या गावाच्या सेवेचा आणि दुसरा देशादेशांत समजूत वाढवण्याचा, असे त्यांच्या नियमावलीतच घातलेले होते. थोडक्यात, तुमच्या मुलीने दोन भलत्या गोष्टींची मोट बांधलेली नाही. ही जोडी जुनी आणि पारखलेली आहे.

आता रासेयो, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करायचे, आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे, ही तिची मुख्य चौकट. कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतात, थोडा निधी शासनाकडून येतो, शेवटी प्रमाणपत्र मिळते. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात सहशैक्षणिक विषयांमध्येही रासेयोला जागा आहे.

मग क्लबची गरज काय? फरक कामात कमी आणि कारभारात जास्त आहे. रासेयोची आखणी वरून येते. कोणता पंधरवडा साजरा करायचा, शिबिराचा विषय कोणता, याची परिपत्रके ठरलेली असतात. क्लबमध्ये मुलेच अध्यक्ष, मुलेच खजिनदार. सभेचे इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, न पटणाऱ्या सभासदाची समजूत काढणे, हे सगळे त्यांनाच करावे लागते. विशीच्या आत-बाहेर ही सवय लागली, तर पुढे बचत गटापासून ग्रामपंचायतीपर्यंत कुठेही उपयोगी पडते. दोन्हींत वैरही नाही. रासेयोत असलेली मुलेच बहुतेक वेळा असा क्लब चालवतात. प्राचार्यांची लेखी परवानगी आणि एका प्राध्यापकांचे मार्गदर्शन घेतले, की क्लब महाविद्यालयाच्या छत्राखाली राहतो आणि पालकांनाही विचारायला एक जागा राहते.

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त लोक विचारतात : आमच्या आडवळणाच्या जिल्ह्यात परदेशी कुठून येणार? यामागे एक पक्का गैरसमज आहे. देवाणघेवाण म्हणजे विमानात बसणे, निदान विमानातून उतरलेल्या पाहुण्याला फेटा बांधणे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात परका देश पुष्कळदा शेजारीच राहत असतो आणि आपले लक्ष नसते.

पुण्यातले एक उदाहरण पाहा. डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी वसतिगृहातल्या एका मुलाला खिडकीतून काहीतरी देते, असे त्यांच्या नजरेस आले. रेक्टर म्हणून संशय येणे साहजिक होते. चौकशी केली तेव्हा कळले, की तो मुलगा मॉरिशसहून आलेला, काविळीने अंथरुणाला खिळलेला, आणि ती मुलगी त्याला खायला आणून देत होती. एवढ्या मोठ्या शहरात त्या आजारी पोराची विचारपूस करणारे दुसरे कोणी नव्हते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी आपुलकीची एक जागा असावी, हा विचार त्यातून पक्का झाला आणि 1971 साली 'सिम्बायोसिस' हे आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक केंद्र म्हणून सुरू झाले. आज आपल्याला तिथली महाविद्यालये आणि विद्यापीठ ठाऊक आहे, पण आरंभ झाला तो एका आजारी मुलाच्या डब्यापासून. सेवा आणि देवाणघेवाण तिथेही वेगळी काढता येत नाही.

आता गोंदिया जिल्ह्याकडे या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. 1972 पासून ती तिथे नांदते आहे. हिवाळ्यात शहरांतल्या तिबेटी बाजारातून स्वेटर आपण सगळेच घेतो, पण ते विकणारी माणसे आपल्याच जिल्ह्याची रहिवासी असू शकतात, हे किती जणांच्या ध्यानात येते? तिथल्या आजीआजोबांनी देश सोडण्याचा प्रवास अनुभवलेला आहे, आणि नातवंडे झाडीपट्टीच्या उन्हात वाढली आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांचे नववर्ष, लोसार, येते. क्लबच्या पहिल्या वर्षी एवढे केले तरी पुष्कळ : वसाहतीच्या कार्यालयाशी आधी बोलून, त्यांना सोयीच्या दिवशी जायचे, एक दिवस त्यांच्यासोबत झाडे लावायची किंवा शाळेतल्या मुलांना विज्ञानाचे सोपे प्रयोग करून दाखवायचे, आणि मग जेवताना गप्पा. पुढच्या वेळी त्यांच्या तरुणांना फुलचूरला बोलवायचे, दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत, म्हणजे रात्रीचे झाडीपट्टीचे नाटकही दाखवता येईल. एक पथ्य मात्र पाळावे. कोणाच्या घरात शिरून विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, आणि निर्वासितपणाच्या दुःखाची चौकशी पहिल्याच भेटीत करू नये. माणसे प्रदर्शनातल्या वस्तू नव्हेत.

प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे मोबाईल आहेच. महाविद्यालयामार्फत परदेशातल्या एखाद्या विद्यापीठातल्या विद्यार्थी गटाला पत्र लिहिता येते. घड्याळाचा हिशेब मात्र आधी करावा लागतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. गोंदियात रात्री आठ वाजता बैठक ठेवली, तर तिकडे साडेअकरा झालेले असतात. रविवारी दुपारी दोनची वेळ धरली तर तिथे साडेपाच, म्हणजे दोघांनाही सोयीची. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे त्यांच्यासाठी आपली संध्याकाळ बरी.

पण बोलायचे काय? इथेच बरेच क्लब गडबडतात. ते ताजमहाल, योग आणि बॉलीवूड यांवर सादरीकरण करतात. ही माहिती परदेशी मुलाला बोटाच्या टोकाशी उपलब्ध असते. जे त्याला दुसरीकडे मिळणार नाही, ते तुमच्या बांधीत आहे.

रोवणीचेच घ्या. जुलैत पाऊस जमला की चिखलणी होते, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकल्या जातात आणि बाया ओळीने वाकून, मागे मागे सरकत रोवणी करतात. जपानमधल्या हिरोशिमा प्रांतात मिबु नावाच्या ठिकाणी जून महिन्यात 'हाना ताउए' हा भातलावणीचा सोहळा होतो. बैलांना सजवून त्यांच्याकडून चिखलणी करवतात, पुरुष ढोल वाजवतात, आणि स्त्रिया गाणे म्हणत ओळीने रोपे लावतात. युनेस्कोने 2011 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. सजवलेले बैल बघून आपल्या मुलांना पोळा आठवेल, ओळीने वाकलेल्या स्त्रिया बघून गावची रोवणी आठवेल. एवढ्यावर थांबले तर ती फक्त गंमत. खरी देवाणघेवाण पुढच्या प्रश्नापासून सुरू होते. जपानमध्ये आता बहुतेक भातलावणी यंत्राने होते, म्हणून हातांनी लावणे हा जपून ठेवलेला सोहळा झाला आहे. गोंदियात ते अजून मजुरीचे काम आहे. तिकडचा विद्यार्थी विचारेल, दिवसभर वाकून या बायांची कंबर दुखत नाही का, त्यांना मजुरी किती मिळते, यंत्र आले तर त्यांनी काय करायचे? रोज बांधीच्या कडेने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला हे प्रश्न कदाचित कधी पडलेच नसतील. उत्तर शोधायला तिला रोवणीच्या बायांशी जाऊन बोलावे लागेल. परक्याच्या प्रश्नाने आपलेच गाव नव्याने कळणे, हा या साऱ्या उद्योगाचा सर्वांत मोठा लाभ आहे. आणि त्या बोलण्यातून कंबरदुखीच्या तपासणीचे एखादे शिबिर निघाले, तर सेवेचा उपक्रमही गरजेतून ठरला, कॅलेंडरातून नव्हे.

दुसरे उदाहरण सारसाचे. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. धानाच्या बांध्या आणि तलाव हे त्यांचे घर. पुष्कळदा ते चक्क शेतातच घरटे करतात, त्यामुळे शेतकऱ्याने सांभाळले तरच पिलू जगते. त्यांच्या गणनेत स्थानिक स्वयंसेवक वन विभागासोबत पहाटे तलावांवर उभे असतात. जपानच्या होक्काइदो बेटावर तांचो नावाचा क्रौंच असाच संपत आला होता. 1952 च्या गणनेत अवघे 33 पक्षी मिळाले. त्या कामात शाळकरी मुलांचाही हात होता, आणि पुढे हिवाळ्यात खाद्य घालून व राखण करून तिथल्या लोकांनी ती संख्या वाढवली. दोन्हीकडच्या तरुणांनी आपापल्या गणनेच्या पद्धती एकमेकांना दाखवल्या, शेतकऱ्यांची समजूत कशी काढली ते सांगितले, तर त्या गप्पा ऐकायला प्राणिशास्त्राचे प्राध्यापकही बसतील.

आता चौथा प्रश्न, पैशांचा आणि फसवणुकीचा. इथे तुमची शंका योग्य आहे आणि थोडी सावधगिरी हवीच. महाविद्यालयातला क्लब चालवायला फारसा पैसा लागत नाही. रोटरॅक्टसारख्या जागतिक संघटनेनेही 2022 पासून महाविद्यालयीन क्लबसाठी सभासदामागे वर्षाला पाच डॉलर एवढीच जागतिक वर्गणी ठेवली. त्यामुळे 'परदेशात स्वयंसेवेची संधी, प्रमाणपत्रासह, आधी अमुक हजार भरा' असा संदेश आला, तर तो आधी प्राध्यापकांना दाखवायचा. फी घेणाऱ्या सगळ्याच संस्था लबाड नसतात, पण पैसे कशाचे, राहण्याची सोय कोणाची, विमा आहे का, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नये.

कायद्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परदेशी व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून देणगी घ्यायला 2010 च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. मुलांच्या क्लबकडे ती नसते. म्हणून परदेशी मित्रांनी प्रेमाने 'आम्ही थोडे पैसे पाठवतो' म्हटले, तरी नम्रपणे नाही म्हणायचे. दुसरे, एखादा परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला राहिला, तर यजमानाने चोवीस तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडे करायची असते. ती ऑनलाइन करता येते. हॉटेलांनाच नव्हे, घरांनाही हा नियम आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून घाबरायचे कारण नाही. नोंद केली, की उलट तुम्ही निर्धास्त.

आणखी दोन गैरसमज राहिले. एक, अशा क्लबमुळे परदेशी जाण्याचा मार्ग मोकळा होतो. व्हिसा देताना दूतावास क्लबचे सभासदत्व बघत नाही. मात्र रासेयो आणि एनसीसी यांच्यामार्फत शासन युवकांच्या आदानप्रदानासाठी निवडक स्वयंसेवक परदेशी पाठवते, आणि तिथे निवड कामावर, बोलण्याच्या सफाईवर आणि आपल्या भागाच्या माहितीवर ठरते. क्लबने या तिन्ही गोष्टींची तयारी होते, एवढे खरे.

दुसरा गैरसमज पालकांच्या मनात असतो, बहुतेक वेळा न बोललेला : परक्यांच्या नादाने मुले आपले विसरतील. अनुभव याच्या उलट आहे. समोरच्याने 'तुमच्याकडे लग्नात काय करतात, का करतात' असे विचारले, की मुलगी आजीकडे धाव घेते. दंडार म्हणजे काय, मामा तलाव कोणी बांधले, आपल्या बोलीत आणि पुण्याच्या मराठीत फरक का, याची उत्तरे तिला पहिल्यांदाच गोळा करावी लागतात. देवाणघेवाणीत काही 'द्यायचे' असते, आणि देण्यासाठी आधी ते आपल्याजवळ असावे लागते.

राहता राहिला अभ्यास. आठवड्याला दोन-तीन तासांच्या वर काम जात असेल, तर क्लबने कामे जास्त अंगावर घेतली आहेत, असे समजावे. परीक्षेच्या महिन्यात बैठका बंद, हा नियम पहिल्याच सभेत करून टाकावा. सुरुवातीचे कामही छोटे असावे : फुलचूर किंवा फुलचूरटोल्यातली एकच शाळा किंवा एकच तलाव, आणि एकच परदेशी गट. दहा देशांच्या झेंड्यांसोबत फोटो काढण्यापेक्षा एका गटाशी वर्षभर टिकलेली ओळख मोलाची.

तेव्हा मुलीला परवानगी द्यायला हरकत नाही. देण्याआधी तिला तीन प्रश्न मात्र जरूर विचारा : मार्गदर्शक प्राध्यापक कोण आहेत, वर्गणीचा हिशेब कोण लिहिणार, आणि पहिले काम गावातल्या कोणाला विचारून ठरवले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ती पटकन देईल. तिसऱ्याला अडखळली, तर तिला आधी रोवणीच्या बायांकडे, शाळेच्या गुरुजींकडे किंवा तलावाकाठच्या शेतकऱ्याकडे पाठवा. तिथून ती जे विचारून येईल, त्यावर क्लबचे पहिले वर्ष उभे राहील, आणि परदेशी मित्रांना सांगण्याजोगेही तेच असेल.